तुमच्याकडे पाणी कुठलं?

आई २०१८ च्या जूनमध्ये पहिल्यांदा कॅनडात, विनिपेगला आली. प्रवासाचा शीण उतरायच्या आधी, दुसऱ्याच दिवशी सकाळी तिने स्वयंपाकघरातल्या नळाच्या तोंडाला मलमलचं फडकं बांधलं. बॅगेतून बरोबर आणलं होतं. चौकोनी, चार पदरी, कडेला हाताने शिवलेलं. दोऱ्याचे दोन वेढे, वर गाठ. मी म्हणाले, "अगं आई, इथे नाही लागत गाळायला. थेट पितात." ती म्हणाली, "असू दे." मग ग्लास भरला, उजेडात धरून पाहिला, एक घोट घेतला आणि विचारलं, "तुमच्याकडे पाणी कुठलं?"

ठाणे जिल्ह्यातल्या आमच्या शहापूर तालुक्यात हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारतं. नव्या गावाची चौकशी करताना माणसं, जमीन, शाळा हे सगळं नंतर येतं. मुलगी द्यायची असेल तर आधी पाणी बघून यायचं. विहिरीचं की बोअरचं, मे महिन्यात टिकतं का, आणायला किती लांब जावं लागतं. माझ्या मावशीचं एक स्थळ केवळ या उत्तरावर मोडलं होतं.

मी म्हणाले, "नळाचं."

"नळाला कुठनं येतं?"

विनिपेगमध्ये मला तेव्हा दोन वर्षं झाली होती. शहराच्या मधोमध रेड आणि असिनिबोइन या दोन नद्यांचा संगम आहे. त्याला इथे 'द फोर्क्स' म्हणतात, उन्हाळ्यात तिथे सगळं गाव लोटतं. मी ठोकून दिलं, "नदीचं." आईने मान हलवली. तिला आम्ही आल्या दिवशीच संगमावर नेलं होतं आणि ते गढूळ, मातकट पाणी तिने पाहिलं होतं. हातातल्या ग्लासकडे बघून ती एवढंच म्हणाली, "नदीचं नाही हे."

तिचं खरं होतं. दुसऱ्या दिवशी कामावर एका सहकारी बाईंना विचारलं. त्या इथेच जन्मलेल्या. त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "शोल लेक. तुला कुणी सांगितलं नाही?"

शोल लेक हे मॅनिटोबा आणि ऑन्टारियो या दोन प्रांतांच्या सीमेवरचं तळं. विनिपेगच्या पूर्वेला. तिथून शहरापर्यंत सुमारे १५६ किलोमीटरची काँक्रीटची जलवाहिनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विनिपेग झपाट्याने वाढत होतं आणि तितक्याच झपाट्याने टायफॉइडने मरत होतं. १९०४ च्या सुमाराची साथ भयंकर होती आणि ती सगळ्यात जास्त पसरली ती शहराच्या उत्तरेकडच्या कामगार वस्तीत, जिथे घरात नळही नव्हते आणि संडासही नव्हते. स्वच्छ पाणी हवं होतं आणि भरपूर हवं होतं. १९१३ मध्ये योजना ठरली आणि महायुद्धाच्या काळातही काम थांबलं नाही. दलदलीतून, पाणथळ जंगलातून चर खणत, आधी मालवाहतुकीसाठी रूळ टाकत ही जलवाहिनी बांधली गेली. तळं शहरापेक्षा सुमारे ९० मीटर उंचावर आहे. त्यामुळे तिथून पाणी नुसत्या उताराने चालत येतं, तेही शंभराहून जास्त वर्षं. १९१९ च्या वसंतात ते शहरात पोहोचलं. त्या काळच्या अभियांत्रिकीचा हा थोर नमुना आहे आणि मी हे मनापासून म्हणते आहे. ज्यांनी तो चिखल उपसला त्यांच्या कष्टांवर आज आठ लाखांच्या आसपास माणसांचं शहर उभं आहे.

त्याच १९१९ च्या मे महिन्यात विनिपेगमध्ये सार्वत्रिक संप झाला. तीसेक हजार कामगार रस्त्यावर उतरले आणि सहा आठवडे शहर जवळजवळ थांबलं. कॅनडातल्या कामगार चळवळीच्या, पुढे आलेल्या डाव्या राजकारणाच्या, सार्वजनिक आरोग्यसेवेच्या मागणीच्या गोष्टी सांगताना लोक या संपाशी येऊन थांबतात. संपाच्या काळात पाणी चालू ठेवलं होतं, पण दाब कमी केला होता. एकमजली घरांत नळाला पाणी येईल इतकाच. कामगारांची घरं एकमजली असत. हे मी वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. पाण्याच्या दाबात केवढं राजकारण असतं हे त्या माणसांना नेमकं ठाऊक होतं. आणि तरी त्या सगळ्या भाषणांत, मागण्यांत, नंतर लिहिल्या गेलेल्या इतिहासात ते पाणी ज्यांच्या अंगणातून निघालं होतं त्यांचा उल्लेख मला शोधूनही फारसा सापडला नाही.

त्या लोकांचं नाव शोल लेक ४० फर्स्ट नेशन. फर्स्ट नेशन म्हणजे इथल्या मूलनिवासींचा एक समाज. हे अनिशिनाबे लोकांचं गाव, जेमतेम काही शे माणसांचं. गावाच्या नावात आकडा आहे, कारण सरकारने रिझर्व्ह, म्हणजे मूलनिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनी, पाडताना त्यांना नंबर दिले. १८७३ मध्ये त्यांच्या पूर्वजांनी ब्रिटिश राजसत्तेशी करार केला, त्याला 'ट्रीटी ३' म्हणतात. त्या करारानंतर जो जमिनीचा तुकडा त्यांच्याकडे उरला त्यातली साधारण तीन हजार एकर जमीन आणि तळ्याचा काठ जलवाहिनीसाठी घेतला गेला. बदल्यात दीड हजार डॉलरच्या आसपास रक्कम ठरली. त्यांचं मूळ गाव, त्यांची दफनभूमी तिथेच होती. संमती? १९११ मध्ये 'इंडियन ॲक्ट' बदलून अशी सोय करून ठेवली होती की नगरपालिकेला किंवा कंपनीला सार्वजनिक कामासाठी रिझर्व्हची जमीन लोकांच्या संमतीशिवाय घेता येईल. तळ्याचं पाणी पुढे अमेरिकेच्या सीमेला लागतं, म्हणून १९१४ मध्ये दोन्ही देशांच्या संयुक्त आयोगाची रीतसर परवानगी घेण्यात आली. शेजारच्या देशाचं म्हणणं ऐकायला आयोग बसला. काठावरच्या माणसांचं म्हणणं ऐकायची गरज कायद्यानेच काढून टाकली होती.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग. शोल लेकचं पाणी नितळ, पण जिथून ते उचलायचं होतं त्या खाडीसारख्या भागात फाल्कन नावाची छोटी नदी येऊन मिळते. ती दलदलीतून वाहत येते, म्हणून तिचं पाणी तांबूस, कोऱ्या चहाच्या रंगाचं. शहराला ते नको होतं. मग बांध घातला आणि एक कालवा खणून ते तांबडं पाणी पलीकडच्या बाजूला वळवलं. म्हणजे गावाच्या बाजूला. त्या कालव्याने गावाची जमीन मुख्य भूमीपासून कापली गेली. शतकभर ते गाव माणसाने बनवलेल्या बेटावर राहिलं.

बेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नारळाची झाडं येतात. इथे हिवाळ्यात तापमान उणे तीस-चाळीसला जातं. डिसेंबर-जानेवारीत तळं घट्ट गोठलं की बर्फावरून गाडी जाते, उन्हाळ्यात बोट. पण मधले दोन ऋतू, गोठताना आणि वितळताना, बोटही चालत नाही आणि बर्फाचाही भरवसा नाही. किराणा आणायला, डॉक्टरकडे जायला, शाळेला, बाळंतपणाला त्याच पातळ बर्फावरून जायचं. माणसं बुडून गेली आहेत तिथे. एक-दोन नव्हेत, त्या गावातल्या बहुतेक घरांना अशी एखादी आठवण आहे. रुग्णवाहिका येत नसे, कचरा उचलायला कुणी येत नसे.

आणि १९९७ पासून त्या गावात 'पाणी उकळून प्या' अशी सरकारी सूचना लागू झाली. पाण्यात जंतूंचा धोका होता आणि शुद्धीकरण केंद्र नव्हतं. विनिपेगने त्याच धोक्याचा विचार करून सुमारे तीनशे दशलक्ष डॉलर खर्चून आपलं केंद्र उभारलं, ते २००९ च्या अखेरीस सुरू झालं. गावासाठीच्या केंद्राचं मात्र २०११ मध्ये उत्तर आलं की खर्च परवडत नाही. रस्ता नसल्यामुळे सामान नेणंच इतकं महाग पडत होतं की केंद्र बांधता येत नव्हतं. आणि रस्ता का नव्हता, तर कालवा शहरासाठी खणला होता म्हणून. त्या तळ्याच्या काठावर बसून त्या गावाने बाटलीबंद पाण्याचे जार मागवले. होडीत चढवायचे, उतरवायचे, खांद्यावरून घरात न्यायचे. आंघोळ घालायच्या तान्ह्या बाळासाठीसुद्धा जार.

हे सगळं मी आईला एका संध्याकाळी सांगितलं. ती ऐकत होती, हातात मेथीची जुडी निवडत. मधे एकदाही थांबवलं नाही तिने. संपल्यावर म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच की गं."

आमच्या तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. तानसा १८९२ चं. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातलं निम्म्याच्या जवळपास एकट्या भातसाचं. माझ्या लहानपणी ती पाइपलाइन म्हणजे आमचा रस्ता होता. माणसाच्या उंचीपेक्षा मोठे, काळे, जमिनीवर टेकवलेले नळ, त्यांच्या कडेची पायवाट. कान लावला की आत पाणी घुमताना ऐकू यायचं. एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसायला लागला की बायका त्या नळाच्या जोडाशी बसायच्या, जिथून झिरपायचं. थेंब थेंब. एक हंडा भरायला पाऊण तास. आई मला तिथे नंबर धरायला बसवून घरी स्वयंपाकाला जायची. त्या नळाला पाठ टेकून मी गृहपाठ केला आहे. आतून थंडगार लागायचं, पाठीला बरं वाटायचं. आजही मे महिन्यात त्या तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. टँकर आला की आरडाओरडा, विहिरीत सोडलेलं पाणी ओढायला दोरांची गर्दी.

दोन्ही ठिकाणं सारखी नाहीत, हे मला कळतं. आमच्या तालुक्यातल्या लोकांना मत देता येतं, मोर्चा काढता येतो, कोर्टात जाता येतं. कॅनडात १९२७ पासून १९५१ पर्यंत कायदाच असा होता की मूलनिवासींच्या हक्काच्या दाव्यासाठी पैसे गोळा करणं किंवा वकील लावणं हा गुन्हा. आणि सरकारी नोंदीतल्या मूलनिवासींना आपला दर्जा न सोडता केंद्राच्या निवडणुकीत मत मिळालं ते १९६० मध्ये. जलवाहिनी सुरू होऊन एकेचाळीस वर्षं उलटल्यावर. "मग त्यांनी तेव्हाच का नाही भांडण केलं?" असं मला इथल्या एका चांगल्या, सुशिक्षित माणसाने विचारलं होतं. त्याला मी या तारखा सांगितल्या. तो गप्प झाला. त्यालाही कुणी शाळेत सांगितल्या नव्हत्या.

आईच्या मुक्कामात आम्ही तिला मानवी हक्कांचं संग्रहालय दाखवायला नेलं. २०१४ मध्ये उघडलेलं, काचेचं, आभाळात चढत गेलेलं. आत काळ्या बेसॉल्टचे खांब आहेत, त्यांच्यामध्ये पाण्याची शांत, उथळ कुंडं. लोक तिथे बसतात, हळू आवाजात बोलतात. ते संग्रहालय उघडलं त्याच वर्षी शोल लेक ४० ने आपल्या गावालाच संग्रहालय जाहीर केलं होतं, 'कॅनडातल्या मानवी हक्कांच्या उल्लंघनाचं संग्रहालय'. या, आणि आमचे जार बघा, आमचा कालवा बघा. तेव्हाचे त्यांचे प्रमुख अर्विन रेडस्काय पत्रकारांना स्वतः गावातून फिरवत. मी हे आईला सांगत होते तेवढ्यात ती कुंडाच्या काठावर वाकली, दोन बोटं पाण्यात बुडवली आणि मला विचारलं, "हे त्यांचंच ना?"

"हो."

तिने ती ओली बोटं डोळ्यांना लावली. गंगेचं लावतात तशी.

त्याच उन्हाळ्यात रस्त्याचं काम चालू होतं. ते सहजासहजी सुरू झालं नव्हतं. केंद्र, प्रांत आणि शहर यांनी खर्च वाटून घ्यायचा, एवढंच ठरायला वर्षानुवर्षं गेली. रिझर्व्ह केंद्राच्या अखत्यारीत, रस्ते प्रांताच्या, पाणी शहराचं, तळं बरंचसं दुसऱ्या प्रांतात. प्रत्येक जण शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवायचा. ही तऱ्हा आपल्याला नवी नाही. २०१५ मध्ये वारं थोडं फिरलं. विनिपेगमधल्या चर्चेसनी आपापल्या दारांत रस्त्याच्या मागणीच्या पाट्या लावल्या, सामान्य माणसांनी पैसे गोळा केले. जे पाणी पितात त्यांनी, ज्यांचं पाणी आहे त्यांच्यासाठी तोंड उघडलं. मला या सगळ्या गोष्टीतला हा भाग फार मोलाचा वाटतो. सरकार बदलल्यामुळे मदत झाली हे खरं, पण सरकारने ऐकावं असं ओझं शहराच्या मनावर आधी आलं होतं. त्या गावाने कित्येक वर्षं एकट्याने बोलून ते आणलं होतं.

२०१९ च्या जूनमध्ये चोवीस किलोमीटरचा रस्ता खुला झाला. त्याचं नाव 'फ्रीडम रोड'. रस्ता झाल्यावर शुद्धीकरण केंद्राचं सामान नेता आलं. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये तेहतीस दशलक्ष डॉलरचं शुद्धीकरण केंद्र सुरू झालं आणि उकळून प्यायची सूचना उठली. चोवीस वर्षांनी. त्या गावात एक अख्खी पिढी अशी वाढली की नळाचं पाणी ग्लासात धरून प्यायचं असतं हे तिने फक्त शहरात गेल्यावर पाहिलं.

मी आईला फोन केला. तिच्याकडे रात्र होती. "आलं त्यांच्याकडे पाणी," मी म्हणाले. ती काही क्षण बोलली नाही. मग म्हणाली, "बाया रडल्या असतील गं." आणि लगेच, "नळ घरात आहे की बाहेर सार्वजनिक?"

घरात, मी म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही गाडी काढून तिकडे गेलो. शहर सोडलं की दीड तास सपाट माळ, मग एकदम जमिनीतून खडक वर येतात, सुचिपर्णी झाडं दाटतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळं, स्थिर दलदलीचं पाणी दिसतं. हमरस्त्यावरून फ्रीडम रोड फुटतो तिथे गाडी बाजूला घेतली. आत गेलो नाही. दुसऱ्याच्या दुःखाचं गाव बघायला बिनबोलावता जावंसं वाटलं नाही. साधा खडीचा रस्ता. दोन्ही कडांना फोडलेल्या दगडाचे ढीग, त्यांच्या फटींतून उगवलेलं गवत. आम्ही उभे होतो तेवढ्यात आतून एक पिकअप आला. चालवणाऱ्या बाईंनी वळताना हात वर केला, मीही केला. मागच्या भागात मुलाची सायकल होती आणि किराण्याच्या रिकाम्या पिशव्या. अमुक दिवशी बर्फ धरेल का, होडी चालेल का, असा काहीही विचार न करता ती बाई बाजाराला निघाली होती.

म्हणजे ठरवलं तर हे काम होऊ शकतं. पैसे मिळतात, रस्ता होतो, केंद्र होतं. आता प्रश्न उरतो तो बाकीच्यांचा, आणि इथे माझा खरा राग आहे.

२०१५ च्या निवडणुकीत जस्टिन ट्रूडोंनी वचन दिलं होतं की फर्स्ट नेशन्समधल्या दीर्घकाळ चालू असलेल्या सगळ्या पाणीसूचना पाच वर्षांत उठवू. तेव्हा अशा १०५ होत्या. ठरलेली मुदत, २०२१ चा मार्च, आली आणि गेली. बऱ्याच उठल्या, हे मान्य केलंच पाहिजे. आधीच्या कुठल्याही सरकारने इतकं केलं नव्हतं. पण वचन पुरं झालं नाही, आणि देशाच्या महालेखापरीक्षकांनी त्याच वर्षी तसं स्पष्ट लिहिलं. ऑन्टारियोच्या उत्तरेला नेस्कान्टागा नावाचं गाव आहे. तिथे ही सूचना १९९५ पासून आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये, सगळं जग वीस सेकंद हात धुवा म्हणत असताना, तिथल्या पाण्यावर तेलाचा तवंग आला आणि पाणीच बंद करावं लागलं. जवळजवळ अख्खं गाव विमानाने थंडर बे शहरात नेलं आणि लोक आठवडेच्या आठवडे हॉटेलांत राहिले. तिथलं तिशीतलं माणूस आयुष्यात एकदाही आपल्या घरच्या नळाचं पाणी निर्धास्त प्यायलेलं नाही.

हे दुर्गम आहे म्हणून होतं, असं सांगतात. दुर्गम आहेच. पण सोन्याच्या आणि हिऱ्यांच्या खाणी याहून दुर्गम जागी चालतात आणि तिथल्या कामगारांना प्यायचं पाणी असतं. कारणं कागदात आहेत. १९९६ मध्ये केंद्राने फर्स्ट नेशन्सच्या मूलभूत सेवांच्या निधीवर वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढ नाही, अशी मर्यादा घातली. लोकसंख्या वाढत होती, महागाई वाढत होती, मर्यादा तीच राहिली. ती उठली २०१६ मध्ये. वीस वर्षं ज्या पंपाला सुटा भाग मिळत नाही, ज्या केंद्रावर काम करणाऱ्या माणसाला शहरातल्यापेक्षा कमी पगार मिळतो, ते केंद्र बंद पडणारच.

आणि दुसरं कारण कायद्याचं. २००० मध्ये ऑन्टारियोतल्या वॉकर्टन नावाच्या छोट्या गावात विहिरीत शेणखत झिरपून ई. कोलाय जंतू नळात आले. सात माणसं गेली, दोन हजारांहून जास्त आजारी पडली. देश हादरला. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांची चौकशी झाली. गावातल्या पाणी खात्याच्या चुका तर निघाल्याच, पण प्रांतिक सरकारने पर्यावरण खात्याचा खर्च कापला, पाणी तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळा बंद केल्या, हेही त्या अहवालात आलं. त्यातून ऑन्टारियोत पिण्याच्या पाण्याचा कडक कायदा झाला. चांगला कायदा आहे. पण रिझर्व्ह प्रांताच्या हद्दीत असून प्रांताच्या कायद्यात येत नाहीत, आणि केंद्राने तसा बांधील कायदा दिला नाही. म्हणजे एका बाजूच्या गावात पाणी खराब झालं तर कुणाला तरी जाब विचारता येतो, आणि शेजारच्या रिझर्व्हवर मार्गदर्शक सूचना असतात. नेस्कान्टागा, कर्व्ह लेक आणि टाटास्क्वेयाक या नेशन्सनी कोर्टात जाऊन २०२१ मध्ये आठ अब्ज डॉलरची तडजोड मिळवली. त्या तडजोडीच्या रेट्यातूनच २०२३ च्या डिसेंबरमध्ये पाण्याच्या हक्काचं विधेयक, सी-६१, संसदेत आलं. २०२५ च्या जानेवारीत संसदेचं अधिवेशन संपवण्यात आलं आणि विधेयक मंजूर न होताच बाद झालं. मधल्या काळात आमच्याच मॅनिटोबातल्या शमाटावा या गावाने दावा लावला, तेव्हा केंद्राच्या वकिलांनी न्यायालयात बाजू मांडली की पाणी देण्याचं कायदेशीर बंधन सरकारवर नाही. सरकार मदत करतं, पण ती धोरण म्हणून.

धोरण म्हणून. मी हे वाक्य कितीतरी वेळ वाचत बसले होते. टँकरही धोरण म्हणूनच येतो. म्हणून तर त्याची वाट बघावी लागते.

आमच्या मराठी मंडळींत हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "पण आपला काय संबंध? आपण तर आत्ता आलो." मागच्या संक्रांतीला हळदीकुंकवाला हेच बोलणं झालं. मी वाद घालत नाही. मी नागरिकत्वाच्या शपथेची आठवण करून देते. २०२१ पासून त्या शपथेत फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी यांचे मूलनिवासी आणि कराराने मिळालेले हक्क मान्य करण्याचे शब्द आहेत. आम्ही सगळ्यांनी उजवा हात वर करून ते म्हटले आहेत, काहींनी फोटोही काढले आहेत. ज्यांचे करार, त्यांचं पाणी आमच्या चहात आहे. संबंध शोधायला लांब जावं लागत नाही. एक काकू तेव्हा म्हणाल्या, "माझं माहेर कोयनेकडचं. आमचं गाव पाण्याखाली गेलं, तेव्हा आम्हालाही मुंबईत कुणी विचारलं नव्हतं." त्यानंतर खोलीत बराच वेळ याच विषयावर बोलणं चाललं.

२०२३ मध्ये वॉब किन्यू मॅनिटोबाचे मुख्यमंत्री झाले. कॅनडाच्या कुठल्याही प्रांताच्या प्रमुखपदी आलेले पहिले फर्स्ट नेशन्सचे नेते. ते ओनिगामिंगचे, म्हणजे त्याच ट्रीटी ३ च्या प्रदेशातले, ज्या मोठ्या सरोवराचा शोल लेक हा भाग आहे त्याच्या काठचे. त्या रात्री मी रडले. रिझर्व्हवरच्या पाण्याचं खातं मात्र त्यांच्या हातात नाही, ते केंद्राकडेच आहे.

२०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्राची निवडणूक होती. संध्याकाळी दारावर एक तरुण कार्यकर्ता आला, हातात पत्रकं, कानटोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. अमेरिकेच्या आयातशुल्काबद्दल बोलला, घरांच्या किमतींबद्दल बोलला, नुकत्याच रद्द झालेल्या कार्बन कराबद्दल बोलला. चांगला मुलगा होता, पाठ केलेलं बोलत नव्हता. मी विचारलं, "सी-६१ परत आणणार का तुमचा उमेदवार?" त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. तो दारातच उभा राहून ऐकत होता, बुटांवरचा बर्फ वितळून पायपुसण्यावर डाग पडत होता. नेस्कान्टागाचं नाव त्याला लिहून घ्यायचं होतं, पण हाताच्या बोटांना कळा येत होत्या, म्हणून मीच त्याच्या पत्रकाच्या मागे एकेक अक्षर लिहून दिलं. खाली साल लिहिलं, १९९५.

"मी याच्यानंतर जन्मलो," तो म्हणाला.

जाताना त्याने पिशवीतून बाटली काढली आणि भरून मिळेल का, असं विचारलं. मी ती घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडला. एप्रिलमध्ये हे पाणी इतकं थंड असतं की बाटली धरलेला हात बधिर होतो.